प्लेटलेट २८,०००, ताप मुळीच नाही, अंगावर लाल ठिपके : सोमवारपर्यंत थांबावे का?

पळसफूल (शनिवार, रात्री ८:१०)

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. माझे बाबा ६९ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि तेव्हापासून ॲस्पिरिनची लहान गोळी रोज सुरू आहे. परवा शेजारच्या ताईंनी त्यांचा रक्तदाब मोजला. पट्टा सोडल्यावर दंडावर जिथे पट्ट्याची कड होती, तिथून थेट कोपरापर्यंत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटलेले दिसले. बाबा म्हणाले, "घामोळ्या हायेत वं बाई, पावडर लावतो." मी पायजमा वर करून पाहिला, तर दोन्ही नडग्यांवर तसेच ठिपके होते. मांडीवर रुपयाएवढा काळानिळा डाग होता आणि कुठे आपटल्याचे त्यांना काही आठवत नव्हते. आज सकाळी दात घासताना फेसात रक्त दिसले.

दुपारी रक्त तपासायला दिले आणि अहवाल आत्ता हाती आला. हिमोग्लोबिन १३.२, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट २८,०००. ताप नाही, अंगदुखी नाही, जेवण व्यवस्थित आहे. आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, ते सोमवारी सकाळी येतील. घरी येणारा प्रत्येक जण डेंग्यूच म्हणतो आहे. कुणी पपईच्या पानांचा रस सांगते, कुणी बकरीचे दूध, कुणी किवी. सोमवारपर्यंत थांबले तर चालेल का, आणि त्यांना प्लेटलेट चढवाव्या लागतील का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

अंबाझरी_सकाळ (८:२२)

ताई, हिरड्यांतून रक्त येत असेल तर सोमवारची वाट पाहू नका. डोके दुखते का, शौचाला काळे होते का, लघवीला लाल होते का, एवढे आत्ता विचारून घ्या आणि निघा.

काचपट्टी (८:४१)

मी ३१ वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांविषयी बोलणार नाही. आकड्याविषयी मात्र सांगतो.

रक्तगणनेसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून त्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. काही माणसांच्या रक्तात या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्र एकेक कण मोजते, गठ्ठा त्याच्या हिशेबात प्लेटलेट म्हणून धरलाच जात नाही, आणि मग ज्याच्या अंगात दोन लाख प्लेटलेट आहेत त्याच्या अहवालावर ३०,००० छापून येतात. हजारात साधारण एखाद्या माणसाच्या बाबतीत असे घडते. काहींच्या प्लेटलेट आकारानेच इतक्या मोठ्या असतात की यंत्र त्यांना तांबड्या पेशींत मोजून मोकळे होते.

म्हणून कमी आकडा आला की रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने डोळ्यांनी पाहायला हवा. गठ्ठे बहुतेक करून थराच्या शेवटी, पिसासारख्या विरळ झालेल्या कडेला जाऊन बसतात. जो फक्त मधला भाग पाहतो त्याच्या नजरेतून ते सुटतात. गठ्ठे दिसले तर निळ्या टोपणाच्या, म्हणजे सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचे आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचे, कारण त्या नळीतल्या द्रवामुळे रक्त थोडे पातळ झालेले असते.

परंतु ताई, ज्याचा आकडा खोटा कमी असतो त्याच्या अंगावर डाग नसतात. तुमच्या बाबांच्या अंगावर ठिपके आहेत, हिरड्यांतून रक्त आहे. तेव्हा काचपट्टी अवश्य पाहायला सांगा, पण आकडा चुकला असेल या आशेवर घरी बसू नका.

सीताबर्डी_जुना (८:५८)

घाबरून जाऊ नये असे माझे मत आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाच्या प्लेटलेट ३०,००० झाल्या होत्या. पपईच्या पानांचा रस दोन वेळा दिला आणि दोन दिवसांत ९०,००० झाल्या. दवाखान्यात गेलात की आधी भरती करतात आणि मग बिलाचा आकडा प्लेटलेटपेक्षा वेगाने वाढतो. रविवार घरीच काढून सोमवारी जावे.

लालपेशी (९:१५)

मी रक्तविकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. इथे बसून मला आपल्या वडिलांना तपासता येत नाही, तरीही एक गोष्ट नि:शंकपणे लिहितो : आज रात्रीच जा. मेडिकल, मेयो, मिहानचे एम्स किंवा तुम्हाला जवळ पडेल असे कोणतेही रुग्णालय चालेल, मात्र तिथे रात्रभर तातडीचा विभाग आणि रक्तपेढीची सोय असावी. वाटेत डोके ठणकू लागले, उलटी झाली, बोलणे अडखळले किंवा झापड येऊ लागली तर १०८ ला फोन करा.

कारण थोडे विस्ताराने सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल.

प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात, सात ते दहा दिवस जगतात आणि एरवी दर मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. केशवाहिन्यांना दिवसभर बारीक चिरा पडतच असतात आणि त्या बुजवण्याचे काम या पेशी करतात. त्या फार कमी झाल्या की चिरेतून रक्त झिरपून त्वचेखाली ठिपका उमटतो. उभे असताना सगळ्यात जास्त दाब पायांतल्या वाहिन्यांवर असतो, म्हणून ठिपके आधी नडगीवर आणि घोट्याभोवती येतात. रक्तदाबाच्या पट्ट्याखाली आले तेही याच कारणाने. घामोळ्या आणि हे ठिपके यांतला फरक घरीच पाहता येतो. काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून धरा. घामोळ्यांची किंवा साध्या पुरळाची लाली दाबाखाली फिकी पडते, कारण तिथले रक्त वाहिनीच्या आत असते. साकळलेल्या रक्ताचा ठिपका मात्र तसाच लाल राहतो.

आकड्यापुरते बोलायचे तर एक लाखाच्या वर असताना बहुधा काहीच जाणवत नाही. ५०,००० च्या वर आपोआप रक्तस्राव होणे विरळा, फक्त शस्त्रक्रिया किंवा दात काढणे असेल तर विचार करावा लागतो. ३०,००० च्या खाली ठिपके आणि डाग दिसू लागतात आणि १०,००० च्या खाली आपोआप गंभीर रक्तस्राव होण्याची भीती खरोखर वाढते. पण हे आकडे पाटीवर कोरलेले नाहीत. ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाच्या २८,००० प्लेटलेट म्हणजे काम करणाऱ्या २८,००० नव्हेत, कारण ती गोळी प्लेटलेटची चिकटण्याची शक्ती त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी काढून घेते. वय साठीच्या पुढे, ॲस्पिरिन सुरू आणि हिरड्यांतून रक्त, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे मी सोमवारपर्यंत थांबा म्हणू शकत नाही.

ॲस्पिरिन बंद करायचे का, हे स्वतः ठरवू नका. स्टेंटमुळे तो निर्णय नाजूक आहे. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना सांगा आणि हृदयरोगतज्ज्ञांना आज रात्रीच फोन लावायला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : गेल्या महिन्याभरात त्यांना कोणते नवीन औषध सुरू झाले आहे का? पायात पेटके येतात म्हणून क्विनीन, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सल्फा, फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट, हाड जुळण्यासाठी कुणी दिलेला काढा, काहीही असो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून सोबत न्या.

पळसफूल (९:३४)

निघत आहोत. पेला दाबून पाहिला, ठिपके तसेच राहिले. औषधांचा डबा सबंध उचलला आहे. लघवीच्या जळजळीसाठी नऊ दिवसांपूर्वी एका दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या आहेत, पाकिटावर को-ट्रायमोक्साझोल लिहिले आहे. १४ दिवसांचा कोर्स आहे. आजची रात्रीची गोळी द्यायची होती.

लालपेशी (९:३६)

ती गोळी आता देऊ नका. तिच्यात सल्फा आहे. पाकीट डॉक्टरांच्या हातात ठेवा आणि नऊ दिवस झाले हे सांगा.

नंदनवन_३ (रविवार, सकाळी ७:५०)

पळसफूल ताई, रात्री काय झाले ते सवडीने कळवा. तोवर सीताबर्डी_जुना काकांच्या पपईविषयी माझ्याजवळ जे आहे ते लिहितो.

मागच्या सप्टेंबरमध्ये माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला. भरतीच्या काळातले त्याचे रोजचे आकडे मी वहीत लिहून ठेवले होते. पाचव्या दिवशी ४१,०००. सहाव्या दिवशी १८,०००. सातव्या दिवशी २२,०००. आठव्या दिवशी ५४,०००. नवव्या दिवशी १,१०,०००. त्याला पपईचा एक थेंब दिला नव्हता आणि एकही पिशवी प्लेटलेट चढवली नव्हती. १८,००० ऐकून आमच्या घरची दहा माणसे रक्तपेढीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. मी डॉक्टरांशी चढ्या आवाजात बोललो, त्याची आजही खंत वाटते. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही प्लेटलेटच्या रकान्याकडे बघता, मी पीसीव्हीच्या रकान्याकडे बघतो." रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागले की रक्त घट्ट होते आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, चढतो. डेंग्यूत खरा जीव जातो तो या झिरपण्याने रक्तदाब कोसळून, आणि ते बहुतेक वेळा ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत होते. भावाचा ताप उतरला म्हणून आम्ही पेढे आणायच्या विचारात होतो आणि डॉक्टर त्याच रात्री दर काही तासांनी त्याची नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण मोजत होते.

काकांच्या मुलाला रस दिला तेव्हा आजाराचा कितवा दिवस होता, हे त्यांनी आठवून पाहावे.

सीताबर्डी_जुना (रविवार, ९:०५)

सातवा दिवस होता. आपले म्हणणे मला समजले. तरीही रसाने नुकसान तर काही होत नाही ना, मग देण्यास हरकत काय, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी मनापासून विचारतो आहे.

लालपेशी (रविवार, ११:२०)

आपण प्रश्न मोकळेपणाने विचारलात याबद्दल आभार. पपईच्या पानांवर लहान-लहान अभ्यास झालेले आहेत आणि त्यांतल्या काहींत आकडा थोडा लवकर वाढलेला दिसतो. पण त्यामुळे रक्तस्राव किंवा मृत्यू कमी होतात, असे दिसून आलेले नाही. डेंग्यूत आकडा सातव्या-आठव्या दिवशी आपोआप चढतो, आणि त्या दिवशी जे पोटात गेले असेल त्याला श्रेय मिळते. हरकत दोन कारणांनी आहे. तो कडू रस पिऊन रुग्णाला उलट्या झाल्या, तर त्या रसाच्या की आजाराच्या हे कळत नाही, आणि सतत उलट्या होणे हे डेंग्यूतले धोक्याचे लक्षण आहे. दुसरे असे की पळसफूल यांच्या वडिलांना ताप मुळीच नाही, त्यामुळे डेंग्यू असण्याची शक्यता कमी दिसते. रस देण्यात दोन दिवस गेले असते, तर ज्या गोळीवर संशय आहे तिचे चार डोस आणखी पोटात गेले असते.

प्लेटलेट चढवण्याविषयीही थोडे. डेंग्यूत रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळतो का, यावर सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांत अभ्यास झाला आणि तो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०,००० किंवा त्याहून कमी आकडा असलेल्या प्रौढांनाही त्याचा फायदा दिसला नाही, उलट त्रास अधिक जणांना झाला. जिथे शरीरच प्लेटलेट नष्ट करत असते तिथे चढवलेल्याही नष्ट होतात. कर्करोगाच्या औषधांनी मगज थकलेला असेल तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे १०,००० च्या खाली आम्ही स्वतःहून देतो. कोणत्याही आजारात उघड मोठा रक्तस्राव असेल तर आकड्याची वाट न पाहता देतो.

मोहाची_सावली (रविवार, दुपारी २:४०)

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. आम्ही कामठीला राहतो. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला सर्दी-ताप झाला आणि बरा झाला. दोन आठवड्यांनी न्हाऊ घालताना पाहते, तर पाठीवर, कमरेवर, जिथे मूल सहसा आपटत नाही अशा ठिकाणी निळे डाग. त्याच दिवशी बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "घरात कोणी मारतं का हिला?" माझ्या पायांखालची जमीन सरकली. आज विचार करते तेव्हा वाटते, बाईंनी विचारले ते बरोबरच केले. मूल बोलू शकत नाही तेव्हा त्याच्या अंगावरचे डाग कुणीतरी पाहायलाच हवेत. मी तिथूनच मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

प्लेटलेट ६,००० होत्या. मला वाटले, आता मुलगी हातची गेली. डॉक्टरांनी काचपट्टी पाहिली, यकृत, प्लीहा आणि गळ्यातल्या गाठी चाचपल्या, तोंडात आतून रक्ताचे फोड आहेत का ते विजेरीने पाहिले. ती खेळत होती, फिकी नव्हती, ताप नव्हता, बाकी पेशी ठीक होत्या. त्यांनी सांगितले की याला आयटीपी म्हणतात. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिपिंडे तयार केली, ती चुकून प्लेटलेटवर चालून जातात. मुलांमध्ये हा आजार बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत आपोआप बरा होतो आणि रक्तस्राव नसेल तर नुसते लक्ष ठेवणे हाही उपचारच असतो. ६,००० आकडा आणि औषध नाही, हे पचवायला मला दोन रात्री लागल्या.

पलंगाच्या चारही कोपऱ्यांना मी जुन्या गोधड्यांच्या घड्या बांधल्या. तीनचाकी सायकल माळ्यावर ठेवली. तापासाठी पॅरासिटामॉलशिवाय काही द्यायचे नाही, आयब्युप्रोफेन असलेले सिरप अजिबात नाही, आणि विचारल्याशिवाय दंडात इंजेक्शन घ्यायचे नाही, असे एका कागदावर लिहून शेगडीच्या वर चिकटवले. डोक्याला मार लागला किंवा नाकातले रक्त दहा मिनिटे दाबून धरूनही थांबले नाही, तर थेट रुग्णालयात यायचे, हेही त्यावर होते. सात आठवड्यांनी आकडा १,८०,००० आला. शेजारच्या बायकांची कुजबुज मात्र त्यानंतरही बरेच दिवस चालली.

इतवारीकर (रविवार, ४:१५)

शरीरातली प्रतिपिंडे प्लेटलेट मारतात हे पहिल्यांदा कसे कळले, याची हकीकत मला फार विलक्षण वाटते. १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरांनी आयटीपीच्या एका रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या, अंगावर ठिपके आले, त्यांना झटकाही आला, आणि काही दिवसांनी आकडा पूर्ववत झाला. प्लेटलेट नष्ट करणारी गोष्ट रक्तद्रवात असते, हे त्यावरून सिद्ध झाले. आजच्या नियमांत असा प्रयोग कुणी करू देणार नाही.

सायंतारा (रविवार, ७:३०)

प्लेटलेट कमी नसतानाही डाग पडतात, हेही इथे नोंदवावेसे वाटते. माझ्या ७४ वर्षांच्या आत्याबाईंच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, जांभळे डाग येत असतात. कपाटाच्या कडीला हात लागला तरी डाग. त्यांच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत. वयामुळे त्वचा आणि वाहिन्यांभोवतीचा आधार विरळ होतो, त्यात उन्हात गेलेले आयुष्य आणि दम्यासाठी घेतलेली स्टेरॉइड, एवढेच कारण निघाले.

दुसरा अनुभव माझ्या मुलीचा आहे आणि तो सांगताना अजूनही जीव तुटतो. तिला तेराव्या वर्षी पाळी आली, तेव्हापासून तासाभराला पॅड बदलावा लागे. चादरी भिजायच्या. आम्ही दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेतल्या, कारण जिथे जिथे दाखवले तिथे "या वयात होतं असं, हळूहळू सुरळीत होईल" एवढेच उत्तर मिळाले. हिमोग्लोबिन ७ वर आले. प्लेटलेट २,६०,०००, अगदी छान. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले की लहानपणी दात पडताना रक्त थांबत नसे का, आणि घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. माझ्या आईला बाळंतपणात रक्त द्यावे लागले होते, हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितले. तपासणीत व्हॉन विलेब्रँड विकार निघाला. त्यात प्लेटलेट पुरेशा असतात, पण त्यांना वाहिनीच्या भिंतीला चिकटवणारे प्रथिन कमी असते. आकडा चांगला होता म्हणून दोन वर्षे कुणी पुढे पाहिलेच नाही.

वैनगंगाकाठ (सोमवार, सकाळी ६:५५)

मी आरोग्यसेविका आहे, उमरेडच्या पुढे काम करते. आमच्या भागातले वेगळे असते ते सांगते.

इकडे पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हणजे डेंग्यू असे गृहीत धरले जाते. मलेरियातही प्लेटलेट घसरतात, आणि जंगलालगतच्या गावांत मलेरिया आहेच. स्क्रब टायफसमध्येही घसरतात. तो शेतातल्या, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. काख, जांघ, कमरपट्ट्याखाली काळी खपली धरलेली, विडीने चटका दिल्यासारखी खूण सापडते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि बायका तर ती जागा दाखवतच नाहीत. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण उशीर झाला तर जिवावर बेततो. तेव्हा तापाच्या रुग्णाला एकदा आडोशाला नेऊन पूर्ण अंग तपासा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विदर्भात सिकलसेलची बाळे आहेत. त्यांच्या प्लीहेत अचानक रक्त तुंबते, पोट डावीकडे टम्म होते, बाळ पांढरे पडते आणि हिमोग्लोबिनसोबत प्लेटलेटही उतरतात. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. मी आयांना त्यांच्या बाळाची प्लीहा हाताने चाचपायला शिकवते.

आणि नागपूरकरांनो, कुलर. उन्हाळा संपला की कुलर पाण्यासकट बाल्कनीत तसाच राहतो. पाणी ओतून दिले तरी एडिस डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. टाकी आतून काथ्याने घासावी लागते, वाळाच्या जाळ्या काढून टाकाव्या लागतात.

धंतोली_वाचक (सोमवार, १०:१०)

एक शंका. माझा आकडा दोन वर्षांपासून १,१५,००० ते १,३०,००० असतो. डाग नाहीत, रक्त नाही. मी पूर्ण शाकाहारी आहे. कंपनीच्या तपासणीत दर वेळी लाल अक्षरात येतो आणि दर वेळी माझी झोप उडते.

लालपेशी (सोमवार, रात्री ९:४५)

आपल्याला रात्री धावायची गरज नाही, पण दुर्लक्षही करू नये. काचपट्टी, ब १२ जीवनसत्त्व, यकृताच्या तपासण्या, हिपॅटायटिस ब आणि क, एचआयव्ही, आणि प्लीहा वाढली आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी, एवढे एकदा करून घ्या. ब १२ फार कमी झाले तर मगजातले सगळेच उत्पादन मंदावते, आणि शाकाहारी माणसांत हे मी वारंवार पाहतो. मद्यपान असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सगळे ठीक निघाले तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी पुरते. एकट्या आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे ते अधिक सांगते.

मला जी जोडी अस्वस्थ करते ती वेगळी आहे. प्लेटलेटसोबत हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या, माणूस फिका, थकलेला, ताप जात नाही, हाडे दुखतात, वजन उतरते. तिथे रक्ताचा कर्करोग नाही ना, हे पाहणे एक दिवसही लांबवू नये. ताप, गोंधळलेले बोलणे, कावीळ आणि कमी प्लेटलेट एकत्र दिसले तर टीटीपी नावाचा विकार असू शकतो, आणि तोही तातडीचाच. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत आकडा थोडा उतरणे सर्रास आढळते. पण सोबत रक्तदाब वाढला, डोके दुखले, डोळ्यांपुढे चमकले किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखले, तर त्याच दिवशी प्रसूतीच्या रुग्णालयात पोहोचावे.

पळसफूल (गुरुवार, रात्री १०:२०)

सर्वांची क्षमा मागते, पाच दिवस इकडे यायला सवड झाली नाही.

शनिवारी रात्री साडेदहाला पोहोचलो. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली, एकेक पाकीट उलटून पाहिले आणि को-ट्रायमोक्साझोल बाजूला ठेवले. काचपट्टी रात्रीच पाहिली गेली. काचपट्टी काका, गठ्ठे नव्हते, आकडा खरा होता. तुटक्या तांबड्या पेशीही नव्हत्या, म्हणजे टीटीपी नाही असे त्यांनी समजावले. पहाटेचा आकडा १७,००० होता. बाबांच्या गालाच्या आतून दोन काळसर फोड आले होते, ते त्यांनी आम्हाला सांगितलेच नव्हते, कारण त्यांना वाटले जेवताना गाल चावला गेला. हृदयरोगतज्ज्ञांशी रात्रीच बोलणे झाले आणि ॲस्पिरिन थांबवले. औषधामुळे आहे की आयटीपी, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही म्हणून स्टेरॉइड सुरू केले. प्लेटलेटची पिशवी तयार ठेवली होती, पण द्यावी लागली नाही. डेंग्यूची चाचणी नकारात्मक आली.

मंगळवारी ३१,०००, आज ७६,०००. इतक्या लवकर चढले म्हणून गोळीवरचाच संशय पक्का झाला आहे. ही औषधे सुरू केल्यापासून बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत असे घडते आणि बंद केली की आठवड्याभरात आकडा सावरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. लालपेशी सर, "ती गोळी आता देऊ नका" हे तुमचे वाक्य आले तेव्हा आईने पाण्याचा पेला भरून हातात घेतलेला होता.

सीताबर्डी_जुना (गुरुवार, १०:४१)

ताई, मी आपल्याला रविवार घरी काढण्याचा सल्ला दिला होता. तो चुकीचा होता. वडिलांना बरे वाटते आहे हे वाचून मोठा दिलासा मिळाला.

पळसफूल (गुरुवार, १०:५०)

काका, तुम्ही आपलेपणानेच लिहिले होते.

काचपट्टी (पुढचा रविवार, सकाळी ९:१०)

आजचा आकडा किती आला?

पळसफूल (रविवार, दुपारी १२:३०)

१,४२,०००. काल घरी आलो. स्टेरॉइड हळूहळू कमी करायचे आहे, मनाने बंद करायचे नाही. ॲस्पिरिन परवापासून पुन्हा सुरू झाले आहे. सल्फाची ती गोळी यापुढे आयुष्यात कधीही द्यायची नाही, अगदी एकदासुद्धा नाही, असे डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिले आहे. ते मी एका जाड कागदावर लाल शाईने उतरवून बाबांच्या पाकिटात, स्टेंटच्या कार्डाच्या पुढे ठेवले आहे.

मांडीवरचा डाग आता हिरवट पिवळा झाला आहे. नडगीवरचे ठिपके तपकिरी पडून विरत चालले आहेत. रोज आंघोळीनंतर बाबा स्वतःच पायजमा वर करून दाखवतात.